काच धरून थांबलेले काका

चिमणी हे नाव तिला बापानं ठेवलं, तेव्हा ती दोन तळहातांत मावत होती. पुढे उडून गेला तो बाप, चिमणी राहिली. आता ती पंधरा वर्षांची होती, आईपेक्षा वीतभर उंच, आणि तिनं दार आपटलं की खालच्या मजल्यावरची माणसं छताकडे बघायची. पण नाव एकदा चिकटलं की चिकटलं. शाळेतून फोन आला की आई विचारायची, "काय केलं आमच्या चिमणीनं?" आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरायची. जिनं आत्ताच बाक उलटा केला ती चिमणी कशी असेल, हा हिशेब त्यांना जुळत नसे.

आई एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या चादरी यायच्या, ढीगच्या ढीग. त्या चादरींची घडी एकट्या माणसाला घालता येत नाही, समोरून कुणीतरी टोकं धरावी लागतात. कामावर समोर कुणी ना कुणी असायचं. घरी नव्हतं. चिमणीचा राग उसळला की आई एकटीच सगळी टोकं गोळा करायला धावायची आणि एक हातात येईपर्यंत दुसरं जमिनीवर लोळत असायचं.

मदत नव्हती असं मात्र कुणी म्हणू नये. मदत उदंड होती. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्या शिस्तीचं सांगायच्या. समुपदेशक ताई होती, ती रागाचं सांगायची. झोपेसाठी आणि मन थाऱ्यावर राहावं म्हणून गोळ्या देणाऱ्या डॉक्टर होत्या. सगळ्या भल्या बायका, पण प्रत्येकीचं ऑफिस शहराच्या वेगळ्या टोकाला, आणि मधे निरोप्यासारखी पळणारी आई. हिचं तिला सांगायचं, तिचं हिला सांगायचं, त्यातलं निम्मं बसमधून उतरेपर्यंत डोक्यातून गेलेलं असायचं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग टेबलवाला आला. आरोग्य केंद्रातल्या त्याच्या हुद्द्याचं खरं नाव समन्वयक. हडकुळा, कायम सर्दी झालेला माणूस, गळ्यात मफलर. आईनं कुठलीही अडचण सांगितली की तो नाक पुसून म्हणायचा, "ताई, हे टेबलाशी बोलू." चिमणीनं दुसऱ्या भेटीतच त्याचं बारसं केलं.

"तुम्ही पळायचं बंद करा," त्यानं आईला सांगितलं. "सगळ्यांना एका टेबलाशी बसवायचं काम माझं. आमच्याकडं दोनच नियम आहेत. मुलीबद्दल जे बोलायचं ते तिच्यासमोर बोलायचं, म्हणून ती तिथं हवी. आणि तिनं आपल्या बाजूचं एक माणूस आणायचं. कुणीही चालेल. मैत्रीण, मामा, तिला वाटेल ते."

"शेजारचे काका," चिमणी म्हणाली.

आईच्या हातातला कप पडायचाच राहिला. शेजारचे काका म्हणजे अख्ख्या इमारतीचा ताप. जिन्यात चप्पल दिसली की कुरकुर, दोरीवरून पाणी ठिबकलं की कुरकुर. आणि गेल्याच महिन्यात चिमणीनं भिरकावलेली कुंडी त्यांच्या खिडकीत जाऊन बसली होती. काच खळकन फुटली. काकांनी तेव्हा केलेला आरडाओरडा आईच्या कानात अजून घुमत होता.

"अगं, ते तुझ्या बाजूचे कसे?"

"मला तेच हवेत," चिमणी म्हणाली, आणि विषय संपला.

आईनं वाद घातला नाही, कारण तिला वेगळीच चिंता होती. मुख्याध्यापिकांनी सांगून ठेवलं होतं की दूरच्या एका निवासी संस्थेत जागा रिकामी झाली आहे. अशा मुलांना तिथं वर्षभर ठेवतात. बैठकीच्या दिवशी आईनं हो म्हणायचं, नाहीतर जागा जाईल, आणि शाळेत आणखी एक प्रकार घडला तर शाळाही जाईल. आईनं आदल्या दिवशी माळ्यावरची बॅग खाली काढून पलंगाआड सरकवून ठेवली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगणार? खरं सांगायचं तर ती हो म्हणणार होती. पोर नको झाली होती असं नाही. ती दमली होती, इतकी की चिमणी घरात नसलेल्या एका संध्याकाळचं स्वप्न तिला पडायचं, आणि जाग आल्यावर त्याची शरम वाटायची.

बैठक आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. टेबल म्हणजे जाळी काढलेलं टेबल टेनिसचं टेबल, हिरवंगार, मधोमध पांढरी रेघ. खोलीच्या दाराला वर एक दांडा होता, त्यामुळे दार सावकाश आपोआप मिटायचं आणि मिटलं की बाहेरून उघडायचं नाही. म्हणून दर माणसाला टेबलवाला उठून दार उघडत होता. मुख्याध्यापिका आल्या, मोठी चामड्याची पर्स घेऊन. डॉक्टर आल्या, घड्याळ बघत. समुपदेशक ताई आली. शेवटी काका आले, आल्या आल्या खुर्ची डुगडुगते म्हणून कुरकुरले आणि ती बदलून घेतली.

मुख्याध्यापिकांनीच सुरुवात केली. "माझा तिच्यावर राग नाही. मुलगी हुशार आहे. पण ती भर वर्गातून उठून जाते. न विचारता. शिक्षक बोलत असतात आणि ही चालू पडते. वर्गात बाकीची पण मुलं आहेत हो. आज हिला सोडलं तर उद्या सगळेच उठतील."

समुपदेशक ताईचा चेहरा उतरला. वयानं लहानच होती ती, लपवायला जमलं नाही. "मॅडम, उठून जायला तिला मीच सांगितलंय," ती म्हणाली. "राग चढायला लागला की तिथून बाजूला व्हायचं, शांत झालं की परत यायचं. कितीतरी महिने आम्ही याचीच तयारी करतोय. मला वाटलं, जमतंय तिला."

"जमतंयच की," चिमणी टेबलाकडे बघत म्हणाली. "म्हणून तर रोज शिक्षा होते."

म्हणजे पोर इकडे आड तिकडे विहीर अशी उभी होती. वर्गात थांबली तर हात उचलणार, बाहेर गेली तर नियम मोडणार. आणि आईनं तिला दोन्हीकडचं पाळायला सांगितलं होतं, रोज सकाळी, डबा हातात देताना.

टेबलवाल्यानं नाक पुसलं. "आणि बाहेर गेल्यावर पुढे?"

"पुढे काय?" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "वर्गाचं दार लावून घेतात. गेलेल्याला तास संपेपर्यंत आत घ्यायचं नाही, तो सगळ्यांनाच नियम आहे. मग ही दाराला लाथा घालते. ते प्रकरण माझ्याकडे येतं."

"लाथेच्या आधी टकटक करते मी," चिमणी म्हणाली. "ते प्रकरण येत नाही कुणाकडं."

डॉक्टरांनी घड्याळावरची नजर काढली. "बहुतेक वेळा कुठला तास असतो?"

"पहिला."

"झोप येते?"

"डोळेच उघडत नाहीत. सर हलवून उठवतात. मग डोकं फिरतं."

"गोळी किती वाजता घेतेस?"

चिमणीनं आईकडं बघितलं. आईनं सांगितलं की कामावरून यायला उशीर होतो, जेवणं होतात, भांडी होतात, त्यानंतर कधीतरी. डॉक्टर स्वतःशीच मान हलवत राहिल्या. गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहतो, हे त्यांना माहीत होतं. पहिला तास गणिताचा असतो आणि गणिताचे सर हलवून उठवतात, हे त्यांना सांगणार कोण? विचारावं असं कधी त्यांच्याही मनात आलं नव्हतं. त्यांनी ते तसं बोलून दाखवलं, म्हणून आईला त्या दिवसापासून डॉक्टर आवडायला लागल्या.

"आता माझं काम काय आहे इथं?" काका अचानक म्हणाले. "मला ही पोरगी म्हणाली चला, म्हणून आलो. मला गोळ्यांतलं काही कळत नाही."

"तिनं तुम्हालाच का बोलावलं, ते तिलाच विचारू," टेबलवाला म्हणाला.

चिमणीनं बोटं मोडली. मग म्हणाली, "ते थांबले होते."

"कुठं थांबलो? कधी?" काका गोंधळले. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं आणि ते चिडल्यासारखे हसले. "ते होय! अहो, ते काही मोठं नाही. हिनं माझी काच फोडली. मी म्हटलं, मला तुझी माफी नको, काच हवी. तू माझ्याबरोबर बसवायची. तर आली. मी नवी काच चौकटीत दोन्ही हातांनी धरून उभा, ही खालून पट्ट्या ठोकतेय. मी म्हटलं, वाकडी ठोकतेस, डोळे आहेत का बटणं. झालं! हातोडी टाकली आणि गेली निघून. आता मी काय करणार? काच सोडली तर फुटणार. खाली ठेवावी तर एकट्याला उतरवता येईना. राहिलो उभा. शिव्या देत उभा राहिलो, खोटं कशाला सांगू. हात भरून आले, नाकाला खाज सुटली, ती खाजवता येईना."

समुपदेशक ताईला हसू आवरेना.

"हसू नका, तुमच्या नाकाला सुटली म्हणजे कळेल. तर बऱ्याच वेळानं ही आली परत. हातोडी उचलली, आधीची पट्टी उपटली, सरळ ठोकली. काच बसली, आमचं प्रकरण मिटलं. मी काही साधुसंत नाही बरं का. हात मोकळे असते तर मीही दार लावून घेतलं असतं."

"पण नव्हते ना मोकळे," चिमणी म्हणाली. "मी आले तर तुम्ही तिथंच होतात."

काच धरून उभे असलेले काका डोळ्यांसमोर आणता आणता आईला आपलं दार दिसायला लागलं होतं, आणि त्या दाराची आतली कडी. आता गप्प बसणं सोपं होतं. कुंडी का भिरकावली, हे त्या खोलीत कुणी विचारलंच नव्हतं. काकांना माहीत होतं. दोन घरांमधली भिंत पातळ होती. ते आईकडं न बघता छताकडं बघत होते, आणि त्या कुरकुऱ्या माणसाचं हे न बघणं आईला सहन होईना.

"घरी मीच कडी लावते," आई म्हणाली. "ती बाहेर गेली की मी आतून कडी लावून घेते. काच फुटली त्या दिवशी पण लावली होती. ती दार वाजवत होती. आई, झालं माझं, उघड, म्हणत होती. मला ऐकू येत होतं. मला वाटलं, अजून थोडा वेळ. थोडा वेळ कुणी ओरडणारं नको घरात. आज इथं येताना पण मी..."

पुढचं बोलायच्या आधीच ती रडायला लागली. चिमणीची मान लाल व्हायला लागली होती. आईला ती खूण ठाऊक होती. आधी मान, मग कान, मग हाताला येईल ते. टेबलाच्या कडेवर चिमणीची बोटं घट्ट झाली. टेबल हललं, डॉक्टरांचं पेन घरंगळत पांढऱ्या रेघेपलीकडे गेलं.

"मी जाते," चिमणी म्हणाली, आणि गेली.

दार फस्स करत सावकाश मिटायला लागलं. आई उठली, पण ती टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती आणि मधे काकांची खुर्ची होती. दाराजवळ बसल्या होत्या मुख्याध्यापिका. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा आईकडं. मग वाकून आपली ती भलीमोठी पर्स उचलली आणि फटीत सरकवली. दार पर्सवर येऊन थांबलं.

"थांबू या," त्या म्हणाल्या, कुणी हरकत घेतल्यासारख्या आवाजात. हरकत कुणीच घेतली नव्हती.

सगळे थांबले. थांबणं हे फार कठीण काम आहे. शिकल्यासवरल्या, कामाच्या माणसांना तर अधिकच. डॉक्टरांची नजर सवयीनं घड्याळाकडं वळली, तेव्हा काका म्हणाले, "बसा हो निवांत. तुमच्या हातात काच तर नाही." आईला मात्र आपल्या हातात काचच असल्यासारखं वाटत होतं. येईल का? जिन्यानं खाली उतरली असेल तर? रस्ता ओलांडताना तिचं लक्ष नसतं. आईला धावत जावंसं वाटत होतं, आणि टेबलवाला मफलर चाचपत नुसत्या नजरेनं तिला बस म्हणत होता.

चिमणी आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं, कपाळावरचे केस ओले होते. दारात तिला पर्स आडवी आली. तिनं ती उचलली.

"मॅडम, तुमची पर्स पडलीय."

"पडली नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "ठेवलीय."

चिमणी पर्स हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती त्यांच्या मांडीवर ठेवून आपल्या जागी येऊन बसली, आणि डॉक्टरांचं पेन पांढऱ्या रेघेवरून त्यांच्याकडं ढकललं.

त्यानंतरचं बोलणं कामाचं झालं आणि भराभर झालं. गोळी संध्याकाळीच घ्यायची, आई कामावरून फोन करून आठवण देईल. शाळेत चिमणीनं वहीवर पेन आडवं ठेवलं की समजायचं, ती जातेय, विचारायचं नाही. ग्रंथालयातली खिडकीजवळची खुर्ची तिची. परत आली की दार उघडं असेल आणि कुणी प्रश्न करणार नाही. हे शेवटचं मुख्याध्यापिकांच्या घशाखाली उतरायला वेळ लागला, पण उतरलं. "गणिताच्या सरांना मी सांगते," त्या म्हणाल्या, "आणि ते ऐकतील." निवासी संस्थेचं कुणीतरी काढलंच. आई म्हणाली, "नको." ती आणखी काही म्हणणार असं सगळ्यांना वाटलं, पण तिचं तेवढंच होतं. परीक्षेपर्यंत बघू, असं ठरलं. प्रत्येकजण आपलं आपलं टोक धरून बसला होता, आणि चिमणी मधे सुरकुतून पडलेली नव्हती. आईला ते स्पष्ट दिसलं.

असं असलं तरी दुसऱ्या दिवसापासून चिमणी गुणाची पुतळी झाली असं नाही. गणिताच्या सरांनी एकदा विसरून दार लावलंच, आणि मग आठवण होऊन उघडलं. तिनं एकदा पेन ठेवायच्या आधीच वही फेकली. आईला वाटत होतं, तेवढं चालायचंच. आणि मग एका संध्याकाळी चिमणीनं झाडू मारता मारता पलंगाआडून ती बॅग बाहेर ओढली.

"ही कशाला काढलीस?"

आईकडं दहा खोटी उत्तरं तयार होती. पण तिनं बॅगेवरून नजर काढून घेतली.

"मला पाठवणार होतीस! तिथं टेबलाशी रडलीस आणि घरी माझी बॅग काढून ठेवली होतीस!" झाडू भिंतीवर गेला. त्यापाठोपाठ चप्पल गेली. मग चिमणी गेली, आणि दार असं आपटलं की आपटून पुन्हा उघडलं.

आईचा हात कडीवर गेला. कुणी ढकललं नव्हतं, सवयीनं गेला. लोखंड गार होतं. तिनं हात काढून घेतला, दार भिंतीला टेकेपर्यंत पूर्ण उघडलं आणि उंबऱ्याच्या आत उभी राहिली. जिन्यातला वारा सरळ स्वयंपाकघरापर्यंत जात होता.

"दार उघडं आहे तुमचं!" काका शेजारून ओरडले.

"माहीत आहे!"

"मांजर शिरेल!"

"शिरू दे!"

मांजर शिरलंच. आईकडं ढुंकूनही न बघता आत गेलं आणि बॅगेवर ऐसपैस बसलं. आई उभीच होती. तिचे पाय दिवसभर उभं राहण्यानं भरून आले होते. ही वेळ शिक्षेसारखी आहे असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, शिक्षा असली तरी आपलीच आहे, भोगून टाकू. खाली कुणाची पावलं वाजली की ती मान पुढे काढायची. पावलं दुसऱ्याच मजल्यावर वळायची.

अखेर जी पावलं वळली नाहीत, ती चिमणीची होती. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली. उघडं दार, उभी आई, आत मांजर, असं सगळं तिनं बघून घेतलं.

"उघडंच होतं?"

"उघडंच होतं," आई म्हणाली. "पाठवणार होते मी तुला. दमले होते गं. आता नाही पाठवणार."

चिमणी आत आली. मांजराला उचलून बाहेर ठेवलं. मग बॅग उचलली आणि, आईला जिथं स्टूल घ्यावं लागतं त्या माळ्यावर, नुसते हात उंच करून पार मागे ढकलून दिली. हात झटकले. मग ती दाराशी गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं आतून कडी लावली.